डब्यातील नऊ फिती

प्रत्येक सुस्थित घरात एखादा तरी डबा असा असतो, की जो कोणी उघडीत नाही आणि कोणी टाकूनही देत नाही. दिवाळीच्या साफसफाईत तो एका फळीवरून दुसऱ्या फळीवर जातो, "यात काय आहे हो?" असा प्रश्न दरवर्षी होतो, आणि "असू द्या" हे उत्तरही दरवर्षी मिळते. आमच्या घरी असा एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे. त्यात नऊ चित्रफिती आहेत. प्रत्येक फीत पत्त्यांच्या जोडाएवढ्या काळ्या डबीत बसविलेली. पाठीवर आमच्याच हस्ताक्षरात "मुंज", "बारसे", "वाई", "किरकोळ" अशी नावे. यांपैकी "किरकोळ" हा शब्द आपण किती बेफिकिरीने लिहिला होता, हे कळावयास आम्हांस वीसांहून अधिक वर्षे लागली.

या फिती ज्या कॅमेऱ्याने भरल्या, तो आमच्या साडूंनी १९९८ मध्ये सिंगापूरहून आणून दिला होता. सिंगापूरहून आणला हे बरेच झाले. अमेरिकेहून आणला असता, तर तिकडील सेकंदास तीस चित्रांची पद्धत आमच्या सेकंदास पंचवीस चित्रांच्या टीव्हीला मानवली नसती. कॅमेरा घरात आला आणि आम्ही एकदम चित्रकार झालो. तोपर्यंत मंगलकार्यात आमच्याकडे पंगतीत तूप वाढण्याचे काम असे. आता ते सुटले आणि हातात अधिकार आला. आम्ही कोणाकडेही कॅमेरा रोखावा व "बोला, काहीतरी बोला" असे म्हणावे. आणि ज्या मावशींच्या जिभेला एरवी विसावा नसे, त्यांनी पदर सावरून एखाद्या पाषाणमूर्तीप्रमाणे स्तब्ध व्हावे. सहा-सात वर्षे हा उद्योग चालला. पुढे कॅमेरा बिघडला, पुढे खिशातल्या फोनमध्येच कॅमेरा आला, आणि फिती डब्यात गेल्या त्या तेथेच राहिल्या.

गेल्या पावसाळ्यात डबा उघडण्याचा योग आला. एका फितीच्या कडेवर पांढुरकी बुरशी दिसली, तेव्हा मात्र आम्ही दचकलो. चौकशी करू लागलो, तेव्हा असे समजले की ही काळजी आमच्या एकट्याची नव्हे. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहालयाने २०१५ मध्येच जगास बजावले होते, की चुंबकी फितींवर जे काही साठविलेले आहे, ते २०२५ पर्यंत संगणकात उतरवून घेतले नाही, तर त्यातील पुष्कळसे कायमचे गेले असे समजा. याचे कारण केवळ फीत खराब होते एवढेच नव्हे. फीत टिकते, पण ती चालविणारे यंत्र टिकत नाही. घरगुती व्हीसीआर अखेरपर्यंत बनविणाऱ्या जपानी कंपनीनेदेखील २०१६ मध्ये ते काम थांबविले. ग्रंथ जुना झाला तरी त्यास वाचावयास डोळे पुरतात. फितीचे तसे नाही. तिची भाषा येणारे यंत्र मेले, की ती मुकी झाली.

आपल्या देशात तर या बाबतीत फार मोठी हानी होऊन चुकली आहे. १९३१ च्या मार्चमध्ये मुंबईस 'आलम आरा' हा आपला पहिला बोलपट लागला. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ मध्ये, म्हणजे तेहतीस वर्षांनी. हजारो लोकांनी डोळे भरून पाहिलेल्या बोलपटाची जर ही गत, तर आमच्या पुतण्याच्या मुंजीस कोण विचारतो! ती आम्हीच वाचविली पाहिजे, हे उघड होते.

प्रथम आम्ही सर्वांत सोपा मार्ग धरला, म्हणजे पैसे देऊन काम दुसऱ्यावर सोपविले. शहरातील एका दुकानात "मुंज" ही फीत नेऊन दिली. चार दिवसांनी दुकानदाराने ती परत दिली, तेव्हा डबीच्या तोंडातून फितीचा तुटलेला शेपटा बाहेर लोंबत होता. "जुनी होती, साहेब," एवढेच त्याचे म्हणणे. वर्षानुवर्षे एकाच जागी गुंडाळून राहिलेली फीत थरावर थर चिकटून बसते. ती चालविण्यापूर्वी एकदा शेवटपर्यंत पुढे व पुन्हा मागे हळूहळू गुंडाळून घ्यावी लागते, हे त्याला ठाऊक नव्हते, आणि आम्हांसही तेव्हा नव्हते. सुदैवाने आमच्या कॉलेजातील पदार्थविज्ञानाच्या एका सहकाऱ्यांना अशा गोष्टींचा छंद आहे. त्यांनी तुटका भाग नीट जोडून दिला, बुरशी पुसून दिली आणि स्वतःचा एक जुना कॅमेराही उसना दिला. १९९९ च्या सुमारास निघालेल्या या जातीच्या कॅमेऱ्यांची खुबी अशी, की त्यांपैकी बरेचसे आमच्यासारख्या आधीच्या फितीही वाचतात आणि वाचलेले आकड्यांत रूपांतरित करून एका केबलीतून थेट संगणकाकडे धाडतात. ती केबल हल्लीच्या संगणकांना लागत नाही. म्हणून अडगळीतील एक जुना संगणकही पुन्हा संसारास लागला.

या यंत्राचे काम पाहण्यासारखे आहे. आठ मिलिमीटर रुंदीची फीत सेकंदास दोन सेंटिमीटर, अशा मुंगीच्या चालीने सरकते. नव्वद मिनिटांची फीत म्हणजे शंभर मीटरांहून अधिक लांबीची पट्टी. आत एक लहानसे ढोलके मात्र सेकंदास पंचवीस वेळा गरगरत असते आणि त्यावरील दोन सूक्ष्म चुंबकी हेड फितीवरच्या तिरप्या रेघा वाचीत जातात. एका फेऱ्यात दोन रेघा, दोन रेघांचे मिळून एक चित्र. पहिल्या रेघेत चित्राच्या विषम ओळी असतात, दुसरीत सम. जुना टीव्ही त्या आळीपाळीने दाखवी, म्हणून काही कळत नसे. संगणक दोन्ही एकदम दाखवितो. त्यामुळे कोणी हात हालविला, की त्या हाताला फणीसारखे दात फुटतात. ते दात बुजविण्याची युक्ती आमच्या चिरंजीवांनी करून दिली.

परंतु एका गोष्टीवर चिरंजीवांजवळही युक्ती नव्हती. नव्वद मिनिटांची फीत संगणकात उतरावयास नव्वद मिनिटेच लागतात. तासाला सुमारे तेरा जीबी, या मापाने जागा हवी तेवढी आहे, पण घाई मात्र करता येत नाही. आम्ही गेली तीस वर्षे पुस्तकांवर जगत आलो. पाने गाळून वाचण्याची कला आम्हांस चांगली अवगत आहे, आणि उत्तरपत्रिका तपासताना तर ती फारच उपयोगी पडते. येथे ती चालेना. मध्येच चित्र अडखळले तर हेड पुसून पुन्हा सुरू करावे लागते, म्हणून उठून जाण्याचीही सोय नाही. मुंजीत बटू नव्वद मिनिटे बसला असेल, तर आपणही नव्वद मिनिटे बसले पाहिजे. पंधरा-सोळा संध्याकाळी आम्ही याप्रमाणे गतकाळासमोर मांडी घालून बसलो.

आरंभी गंमत वाटली. केस काळे असलेले आम्ही, गुडघे शाबूत असलेल्या काकू, आता अमेरिकेत असलेली भाची फ्रॉक घालून रुसलेली. पण दोन-तीन संध्याकाळींत ध्यानात आले, की ज्या गोष्टी आम्ही मुद्दाम टिपल्या, त्या सर्वांत नीरस होत्या. ओळीने उभे राहिलेले पाहुणे, हार, नारळ, पुन्हा हार. जे सजीव होते ते सगळे कडेने आलेले. कोपऱ्यात कोणी चुन्याची डबी शोधीत आहे, मागे कोणी कोणास खिजवीत आहे, आणि चित्राबाहेरून आईचा आवाज येत आहे, "अरे, त्याला आधी जेवू दे." आई या फितींत दिसते थोडी आणि ऐकू येते फार. कॅमेरा पाहिला की ती दुसऱ्या खोलीत जाई.

सहावी फीत "किरकोळ". हिच्यात आरंभी घाटावरचे पाणी, मांजराची पिल्ले, असले काहीबाही आहे. पुढे कोपऱ्यात २००२ चा भाद्रपद उमटतो: वाईचा आमचा वाडा, सोप्यावर गणपती, आरती. आरती संपल्यावर चित्र एकाएकी खाली वळते, फरशी धावू लागते, आणि मग पडद्यावर एक हळदीकुंकवाचा करंडा येऊन स्थिर होतो. हा अपघात कॅमेरा बाळगणाऱ्या प्रत्येकास परिचित असेल. एकाच तांबड्या बटणाने चित्रण सुरू होते व त्यानेच थांबते. एक वेळ बोट चुकले, की थांबले असे वाटते तेव्हा ते चालू असते. आम्ही कॅमेरा माजघराच्या दिवळीत ठेवून शेजाऱ्यांकडे आरतीस निघून गेलो होतो. तो मागे जागाच राहिला.

चिरंजीव म्हणाले, "बाबा, हे कापून टाकू. दहा-अकरा मिनिटं नुसता करंडा आहे." आम्ही होकार देणार, तोच आईचा आवाज आला.

"विकून टाक रे हा वाडा एकदाचा. जिना चढताना माझा जीव जातो, आणि पावसाळाभर मी पातेली मांडीत बसते."

नंतर आमच्या थोरल्या बंधूंचा आवाज: "धाकट्याला नाही चालायचं, आई."

"त्याला मी सांगेन. चार दिवस येतो, चित्रं काढतो, जातो. वाडा त्याला हवाय. राहावं मला लागतं."

"सगळे म्हणतील, थोरल्यानं विकला."

"म्हणोत. थोरला आहेस, सोस थोडं." आणि लगेच त्याच स्वरात, "नारळ दोन पुरेत ना रे उद्याला?" त्यापुढे मोदकांच्या सारणाचा विषय निघाला, आणि गूळ जुना घ्यावा की नवा हे ठरण्यापूर्वी फीत संपली.

येथे वाचकांस थोडी मागील हकीकत सांगितली पाहिजे. वाडा २००४ मध्ये विकला गेला. आई ठाण्यास दादांकडे राहावयास गेली आणि २००६ मध्ये निवर्तली. त्या दोन वर्षांत व त्यानंतरच्या दोन दशकांत आम्ही एक गोष्ट नातेवाइकांना, मित्रांना, क्वचित स्टाफरूममध्येही सांगत आलो. ती अशी, की आईची इच्छा त्या वाड्यातच डोळे मिटण्याची होती. दादांनी व्यवहार पाहून तो विकला, आणि आईने त्याचाच ध्यास घेतला. दादांशी आमचे भांडण झाले नाही. सुशिक्षित घरांत भांडणे होत नाहीत. बोलणे जेवढ्यास तेवढे होते. दिवाळीस फोन, लग्नकार्यात भेट, आणि वाड्याचा विषय निघाला की दोघांपैकी एकाने पाणी प्यावयास उठणे. दादांनी या वीस वर्षांत एका शब्दाने खुलासा केला नाही. त्यांच्या मौनास आम्ही अपराधी माणसाचे मौन समजत आलो.

आमच्या सहकाऱ्यांनी फितींविषयी एक गोष्ट सांगितली होती. अशा जुन्या फितीवरून दुसरी फीत केली, तर चित्र किंचित पुसट होते. त्या दुसरीवरून तिसरी केली, तर आणखी. चौथ्या-पाचव्या पिढीस माणसाचे नाक-डोळे ओळखू येत नाहीत. आकड्यांत उतरविलेल्या चित्राची मात्र शंभरावी नक्कलही पहिलीसारखीच असते. ते ऐकताना आमच्या मनात केवळ यंत्राचा विचार होता. करंड्याच्या चित्रासमोर बसलो असता दुसरा विचार आला. आपण एखादी आठवण सांगतो, तेव्हा मूळ घटना थोडीच काढून पाहतो? मागच्या वेळी जी सांगितली, तिचीच नक्कल करतो. आमची वाड्याची गोष्ट ही अशी नकलेची नक्कल होती. किती पिढ्यांची, ते आम्हांसही सांगता येणार नाही. फरक इतकाच, की फितीची नक्कल पुसट होत जाते आणि रागाची नक्कल अधिकाधिक ठसठशीत होते. आईचे नाक-डोळे तीतून केव्हाच गेले होते; राहिला होता तो आमचा सूर.

तरी मनाने एक पळवाट काढलीच. "मी सांगेन" असे आई म्हणाली होती. तिने सांगितले नाही, मग आमचा दोष काय? या समाधानात आम्ही एक रात्र काढली. दुसऱ्या संध्याकाळी सातवी फीत लावली.

ती त्याच वर्षीच्या दिवाळीची. तीत वाड्याचा जिना आहे. अंधारा, उंच पायऱ्यांचा, धरावयास वरून एक दोर सोडलेला. पण या चित्रात दोर नाही. त्याच्या जागी नवा सागवानी कठडा आहे. तो पाहताच सर्व आठवले. त्या दिवाळीत आई आमच्याजवळ जिन्याविषयी बोलली होती. काय बोलली, ते शब्द आता स्मरत नाहीत. आम्ही मात्र दुसऱ्याच दिवशी सुतार बोलावून कठडा बसवून घेतला आणि मातृभक्तीचे एक कृत्य केल्याच्या समाधानाने त्याचे चित्रणही केले. चित्रात आई कठडा धरून चढते आहे. एका पायरीवर दोन्ही पाय, मग दुसरी पायरी. वर पोचल्यावर आमचा उत्साही आवाज ऐकू येतो: उजेड कमी पडला, पुन्हा एकदा चढून दाखव. आई काही बोलत नाही. ती उतरते आणि पुन्हा चढते. दुसऱ्या खेपेस वर पोचून ती कॅमेऱ्याकडे पाहते. या नऊ फितींत तिने कॅमेऱ्याकडे सरळ पाहिले, ते एवढे एकदाच. ती म्हणते, "झालं का तुझं?"

म्हणजे आईने सांगितले होते. आम्ही सुतार बोलावला होता.

चिरंजीव जवळ बसले होते. त्यांनी संकोचाने विचारले, "बाबा, हे ठाण्याला पाठवायच्या प्रतीतून काढू का?" त्यांचा हेतू चांगला होता. चित्रे कापणे हल्ली फार सोपे झाले आहे. दोन खुणा कराव्यात, एक कळ दाबावी. पण आमच्या मनाने हे काम संगणकाशिवायच वीस वर्षे केले होते. आम्ही नको म्हटले. करंड्याची अकरा मिनिटे आणि जिन्याच्या दोन्ही खेपा जशाच्या तशा ठेवल्या, आणि पेन ड्राइव्ह धाडण्यापूर्वी दादांना फोन केला. अशी वस्तू न सांगता कोणाच्या हाती देणे बरे नव्हे.

फितीवर त्यांचे व आईचे बोलणे उतरले आहे, असे आम्ही सांगितले. कोणते, म्हणून त्यांनी विचारले. वाड्याचे, असे म्हटल्यावर पलीकडे बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग आम्ही एवढेच विचारू शकलो, की हे आम्हांस त्यांनी कधी सांगितले का नाही.

"ती सांगते म्हणाली होती," दादा म्हणाले. "मग ती गेली. त्यानंतर मी सांगितलं असतं, तर तू मानलं असतंस?"

मानले नसते. आईच्या नावावर दादा स्वतःचा बचाव करीत आहेत, अशी एक नवी हकीकत आमच्या जुन्या हकीकतीस जोडली गेली असती. हे आम्ही त्यांना तसेच सांगितले, आणि वीस वर्षे जे बोलत आलो त्याबद्दल क्षमा मागितली. थोरल्या भावाची क्षमा मागण्याची आम्हांस सवय नाही; वाक्य नीट जुळले नाही. दादांनी ते पुरतेही होऊ दिले नाही.

"ते राहू दे," ते म्हणाले. "आवाज नीट येतो का रे तिचा?"

नीट येतो, असे आम्ही सांगितले. मागे पावसाचा आवाज आहे, मध्ये एकदा भांडे पडते, पण शब्द न् शब्द ऐकू येतो.

"मग पोस्टानं पाठवू नकोस. मीच येतो रविवारी."

दादा रविवारी आले. जेवणे झाल्यावर दोघे संगणकासमोर बसलो. दादा करंड्याकडे पाहत अकरा मिनिटे हात जोडल्यासारखे बसून होते; गुळाशी येऊन फीत संपली, तेव्हा "जुनाच घेतला होता" एवढे म्हणाले. जिन्याचे चित्रही त्यांनी पाहिले. त्यावर ते काही बोलले नाहीत आणि आम्हीही काही विचारले नाही.

फितींचे काम आता संपले आहे. त्यांच्या तीन प्रती झाल्या: एक आमच्याकडे, एक ठाण्यास, एक भाचीकडे अमेरिकेत. मूळ फिती टाकून देण्यास हरकत नाही, असे चिरंजीवांचे मत पडले. पण त्या आम्ही ओल शोषणाऱ्या पुड्या घालून पुन्हा त्याच पत्र्याच्या डब्यात ठेवल्या आहेत. सहाव्या फितीच्या पाठीवरील "किरकोळ" हा शब्द खोडून तेथे दुसरा लिहावा, असे मनात होते. चांगला शब्द सुचला नाही. शेवटी खाली फक्त तारीख घातली.